दुसऱ्या खंडाची चिठ्ठी

श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी १९८७ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली. आमच्या वाचनालयातल्या प्रतीच्या दोन्ही खंडांना शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी डकवलेली आहे. पहिल्या खंडाची चिठ्ठी केव्हाच भरली, तिच्यावर दुसरी डकवली गेली आणि तीही आता निम्म्याच्या पुढे भरली आहे. दुसऱ्या खंडाच्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे एकंदर तेरा शिक्के आहेत आणि त्यांतले सात माझे आहेत. म्हणजे पहिला खंड घरी नेणाऱ्या इतक्या वाचकांपैकी दुसऱ्या खंडापर्यंत फारच थोडे पोहोचले. कादंबरी त्यांना आवडली नसेल असे मानायला मी तयार नाही, कारण पहिल्या खंडाची पाने अगदी शेवटपर्यंत हाताळून मऊ झालेली आहेत. ते का थांबले असतील याचा मला अंदाज आहे, कारण मीही त्याच जागी दोनदा थांबता थांबता राहिले.

नियम असा आहे की पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळते, एकदा मुदत वाढवून मिळते आणि त्यानंतर ते जमा करून निदान आठवडाभर फळीवर राहू द्यावे लागते. मी तिसऱ्यांदा मुदत मागायला गेले तेव्हा देवघेवीच्या टेबलामागच्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, “ताई, इतके दिवस लागत असतील तर एखादं पातळ पुस्तक न्या ना.” त्यांच्या मनात माझी सोय होती आणि त्या नियमाला धरूनच बोलत होत्या. पण घरी येताना मला वाटत राहिले की त्या एका वाक्यात आपल्या सगळ्या वाचनव्यवहाराची समजूत आली आहे. पुस्तक वाचकाच्या वेळात बसले पाहिजे, आणि बसत नसेल तर वाचकाने दुसरे, लहान पुस्तक निवडले पाहिजे, अशी ती समजूत आहे. मला ती चुकीची वाटते. मोठ्या ग्रंथाला सार्वजनिक वाचनालयाने महिन्यांच्या हिशेबाने मुदत द्यायला हवी, आणि ही एखाद्या सभासदाला दिलेली सवलत न राहता तो नियम व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

वाचनालयात जाण्याला आपण ‘पुस्तक बदलायला जाणे’ म्हणतो. लहानपणी दर शनिवारी मीही पुस्तक बदलायलाच जात असे आणि त्या शब्दात काही खटकण्यासारखे आहे असे मला कधी वाटले नाही. रहस्यकथा, प्रवासवर्णने, कथासंग्रह, शे-दीडशे पानांच्या कादंबऱ्या यांच्या बाबतीत तो शब्द चपखल आहे. पण बदलण्यावर उभी असलेली व्यवस्था हजार पानांच्या ग्रंथाला लावली की काय होते, याचा साधा हिशेब करून पाहावा. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला रात्री जेवणे आणि आवराआवर झाल्यावर फार तर अर्धा तास मिळतो. त्यात दहा पाने नीट वाचून होतात. दोन्ही खंड मिळून हजाराच्या बऱ्याच पुढे जाणाऱ्या कादंबरीला शंभराहून अधिक रात्री लागणार हे उघड आहे. त्यातून पाहुणे, आजारपण, मुलांच्या परीक्षा आणि डोळे मिटत असलेल्या रात्री वजा केल्या तर पाच-सहा महिने होतात. एवढ्या काळात पंधरा दिवसांची मुदत दहा-बारा वेळा संपते, आणि दर दोन मुदतींनंतर पुस्तक हातातून जाऊन आठवडाभर फळीवर पडून राहते.

इथे हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या आवडीचा राहत नाही. ज्याला ग्रंथ विकत घेता येतो त्याला कोणी मुदत विचारत नाही. तो उशाशी ठेवून वर्षभर वाचू शकतो. मोठ्या बहुखंडी ग्रंथाची किंमत आज सहज हजाराच्या पुढे जाते, आणि पैसे जमवले तरी दोन खोल्यांच्या घरात अशी पाच-सहा पुस्तके कुठे ठेवायची हा प्रश्न उरतोच. सार्वजनिक वाचनालये निघाली ती नेमकी हा फरक मिटवण्यासाठी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. ज्यांच्या घरी कपाट नाही त्यांच्यासाठी गावाचे एक कपाट असावे, हा या सगळ्या खटाटोपाचा अर्थ होता. त्या कपाटातले मोठे ग्रंथ फक्त वेगाने वाचणाऱ्याला मिळत असतील, तर वर्गणी सगळे सारखी भरतात पण कपाट सगळ्यांना सारखे उघडत नाही.

मोठा ग्रंथ महिनोन्महिने वाचणे ही आपल्याकडे कालपरवापर्यंत अगदी सर्वसाधारण गोष्ट होती. तिच्यासाठी भाषेत वेगळा शब्दप्रयोगही आहे. पोथी ‘लावतात’. चातुर्मासात देवळात पोथी लागली की आषाढीपासून कार्तिकीपर्यंत ती चालायची. श्रीधरांच्या ‘पांडवप्रतापा’चे ६४ अध्याय, ‘हरिविजया’चे ३६, ‘रामविजया’चे ४०. शेतातून, चुलीपासून उठून आलेली माणसे कंदिलाभोवती बसायची, एक जण ओव्या वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि अध्याय संपला नाही तर उरलेला उद्या. यांतल्या पुष्कळ श्रोत्यांना अक्षरओळख नव्हती, तरी हजारो ओव्यांचा ग्रंथ चार महिने मनात धरून ठेवण्याची ताकद त्यांच्यात होती. पोथीतले कितीतरी अध्याय मागची कथा कुठवर आली होती ते सांगूनच सुरू होतात. ती नुसती रीत नव्हती. ऐकणारा काल घरी गेला, झोपला, दिवसभर राबला आणि आता परत आला आहे, हे रचणाऱ्याला ठाऊक होते. मधला दिवस त्याने ग्रंथाच्या रचनेतच गृहीत धरला होता.

समर्थांच्या ‘दासबोधा’ची वीस दशकांत प्रत्येकी दहा समास अशी मांडणी तर रोजच्या वाचनासाठी मापून दिल्यासारखी आहे. रोज एक समास घेतला तर २०० दिवस लागतात, म्हणजे साडेसहा महिने. ‘ज्ञानेश्वरी’च्या नऊ हजारांवर ओव्या आहेत आणि रोज पंचवीस वाचल्या तर जवळजवळ वर्ष लागते. याच परंपरेत सात दिवसांचे पारायणही आहे, आणि त्यात दिवसाला बाराशेहून अधिक ओव्या होतात, हे मी नाकारत नाही. सप्ताहात शंभर-दोनशे माणसांनी एका सुरात केलेल्या वाचनाचे मोल वेगळे आहे. पण सप्ताहात बसणारे बहुतेक जण पूर्वी कधीतरी तो ग्रंथ सावकाश ऐकलेले असतात, आणि सप्ताहानंतरही त्यांचा नित्यपाठ चालू राहतो. पारायणाने ग्रंथ पुरा झाला असे वारकरी कधी म्हणत नाही.

‘नामा म्हणे ग्रंथ श्रेष्ठ ज्ञानदेवी । एक तरी ओवी अनुभवावी’ हे वचन आपण फार सैलपणे वापरतो. सगळा ग्रंथ जमत नसेल तर निदान एक ओवी वाचा, अशी सूट नामदेवांनी दिली आहे असे भाषणांतून ऐकू येते. मला त्यात सूट दिसत नाही. ‘वाचावी’ असे नामदेव म्हणत नाहीत, ‘अनुभवावी’ म्हणतात, आणि एक ओवी अनुभवायला किती दिवस लागतील याचा आकडा ते सांगत नाहीत. ही मागणी सात दिवसांच्या वाचनापेक्षा कठीण आहे.

छापील मराठी कादंबरीही याच सवयीवर वाढली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यात क्रमशः येऊ लागली. त्या वाचकांना यमूची गोष्ट एका बैठकीत संपवण्याची सोयच नव्हती. ते आठवडा आठवडा थांबले, मधल्या दिवसांत आपल्याच माजघरातल्या मुलीबाळींकडे पाहत राहिले, आणि पुढचा अंक आला की पुन्हा यमूकडे गेले. बालविवाह आणि केशवपन यांच्याविषयी जे घराघरांत बोलले जाऊ लागले, त्यात या थांबून थांबून वाचण्याचा वाटा मोठा असला पाहिजे असे मला वाटते. आज आपण ती कादंबरी बांधीव पुस्तकात चार दिवसांत वाचतो. कथा आपल्याला तीच कळते, पण तिच्याबरोबर राहण्याचा काळ त्या वाचकांइतका आपल्या वाट्याला येत नाही.

हा काळ वाचनात नेमके काय करतो, ते मला स्वतःच्या अनुभवावरूनच सांगता येईल. ‘तुंबाडचे खोत’ मी एका जून महिन्यात हाती घेतली. जगबुडी नदीच्या काठच्या खोत घराण्याच्या पिढ्यांची ती कथा आहे, आणि योगायोगाने त्याच वर्षी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वडिलोपार्जित घराच्या विक्रीची बोलणी चालली होती. गणपतीला गावी गेले तेव्हा पहिला खंड निम्मा झाला होता. माजघरात चुलते, आत्या, आम्ही भावंडे बसून कोणाची सही कधी घ्यायची हे बोलत होतो, आणि माझ्या पिशवीत ते पुस्तक होते. रात्री पडवीत दिव्याखाली दहा पाने वाचली, आणि पुस्तकातल्या वाड्याचे वर्णन वाचताना आमच्या घराच्या वाशांचा वास येत होता. नंतर दिवाळीत एका चुलत्याने सही करायला नकार दिला. त्या रात्री कादंबरीतली भाऊबंदकी मला वेगळी कळली. आधी ज्या माणसाचा राग आला होता त्याची बाजू दिसू लागली, म्हणून मी पंचवीस-तीस पाने मागे जाऊन पुन्हा वाचली. शेवटी खरेदीखत झाले तेव्हा उन्हाळा होता आणि दुसऱ्या खंडाची थोडी पाने उरली होती. ती मी मुद्दाम आणखी तीन आठवडे पुरवली.

हीच कादंबरी मी दहा दिवसांच्या रजेत वाचून काढली असती तर कथानक जास्त नीट लक्षात राहिले असते, हे खरे आहे. पण त्या वर्षात जे घडले ते पुस्तकात शिरले नसते आणि पुस्तकातले माझ्या घरात आले नसते. पुस्तक महिनोन्महिने चालू असते तेव्हा आपण ते वाचत नसतानाही ते चालू असते. भाजी निवडताना, बसच्या रांगेत, कोणाच्या मयताला गेलो असताना त्यातला एखादा माणूस मनात येऊन उभा राहतो. पातळ पुस्तकालाही हे जमते, पण इतका वेळ त्याला मिळत नाही.

माझ्या आजोबांची ‘गीतारहस्या’ची प्रत आमच्याकडे आहे. टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत लिहिला आणि तो १९१५ साली छापला गेला. आजोबा शाळामास्तर होते. ग्रंथाच्या १५ प्रकरणांपैकी प्रत्येकाच्या शेवटी त्यांनी बारीक पेन्सिलीने तारीख घातली आहे. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत दोन वर्षे आणि काही दिवस जातात. नवव्या आणि दहाव्या प्रकरणांच्या मध्ये पाच महिन्यांचे अंतर आहे आणि त्याचे कारण घरात आता कोणालाच आठवत नाही. पानांच्या कडेच्या समासात कुठेकुठे ‘?’ आहे, आणि पुढच्या एखाद्या प्रकरणाच्या समासात ‘पाहा मागे’ असे लिहून पानाचा आकडा दिला आहे. म्हणजे शंका घेऊन ते काही महिने तसेच राहिले आणि उत्तर सापडले तेव्हा ते नोंदवायला मागे गेले. वाचनालयाच्या चिठ्ठीवरच्या तारखा आणि आजोबांच्या तारखा मी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही तारखाच. एकीत पुस्तक कधी परत करायचे ते आहे, दुसरीत माणूस ग्रंथात कुठवर पोहोचला ते आहे.

वाचनसंस्कृतीची काळजी आज सगळेच करतात. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी शाळांतून पुस्तके हाती दिली जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रोत्साहनाचे माप मात्र बहुतेक ठिकाणी संख्येचे असते. वर्षात पन्नास पुस्तके वाचण्याचे संकल्प सोडले जातात, सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस मिळते, आणि मोबाइलवर पंधरा मिनिटांत एका पुस्तकाचा सारांश ऐकवणारी अ‍ॅप आहेत. संख्या हे माप लावले की जो मुलगा वर्षभर एकच मोठा ग्रंथ वाचतो तो यादीत तळाला जातो, आणि हुशार मूल लगेच ओळखते की साठ पानांची पुस्तके घेण्यात फायदा आहे. वाचनालयांचेही तसेच होते. शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या अशा मोजता येणाऱ्या गोष्टी पाहिल्या जातात, आणि वार्षिक अहवालात देवघेवीचा आकडा अभिमानाने छापला जातो. सहा महिने एका घरी राहिलेला ग्रंथ त्या आकड्यात एकदाच मोजला जाईल. त्याच काळात बारा वेळा बदललेले पुस्तक बारा वेळा मोजले जाईल. चांगल्या ग्रंथपालालाही असा हिशेब मुदतीच्या बाजूने झुकवतो.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत रास्त आक्षेप दुसऱ्या वाचकाचा आहे. ग्रंथ एकाकडे सहा महिने राहिला तर वाट पाहणाऱ्याने काय करायचे? स्पर्धापरीक्षेची पुस्तके, नवे पुरस्कारप्राप्त ग्रंथ, दिवाळी अंक यांना छोटी मुदतच योग्य आहे आणि तिथे मी एका दिवसाचीही वाढ मागणार नाही. पण जाडजूड ग्रंथांच्या चिठ्ठ्या काढून पाहाव्यात. माझ्या दोन शिक्क्यांच्या मध्ये ज्या आठवड्यांत मला पुस्तक फळीवर ठेवावे लागले, त्यांपैकी एकाही आठवड्यात ते कोणी नेले नाही. फळीवर धूळ खाण्यापेक्षा ते माझ्या उशाशी असते तर कोणाचे काय अडले असते? जिथे खरोखर मागणी आहे तिथे दुसरी प्रत घ्यावी, आणि ती घेणे परवडत नसेल तर मागणी नोंदवलेल्या वाचकासाठी चालू खंड संपताच पुस्तक परत बोलवावे. तेवढे बंधन मला मान्य आहे.

मागचे विसरते, इतक्या नावांचा आणि नात्यांचा गोंधळ होतो, असेही लोक म्हणतात. होतो. मी वहीच्या मागच्या पानावर घराण्याची वंशावळ काढून ठेवली होती आणि ती चार वेळा दुरुस्त करावी लागली. पण आपल्या नात्यातल्या माणसांचेही आपण असेच विसरतो, पुन्हा विचारतो, आणि विचारता विचारता ती माणसे पक्की होतात. प्रत्येक जाड पुस्तक चांगले असते असे माझे म्हणणे नाही. निव्वळ पुनरुक्तीने फुगलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या मराठीत पुष्कळ आहेत आणि त्या शंभराव्या पानावर खाली ठेवण्यात काही गैर नाही. मला एवढेच हवे आहे की पुस्तक सोडायचे की धरायचे हे वाचकाने ठरवावे, शिक्क्याने ठरवू नये.

आमच्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. सभासद म्हणून ठराव मांडण्याचा हक्क मला आहे आणि मी तो लेखी दिला आहे. सहाशे पानांच्या पुढच्या ग्रंथाला सहा महिन्यांची मुदत असावी. बहुखंडी ग्रंथाचे सर्व खंड एकाच नोंदीवर, पण एकेक करून मिळावेत, आणि पहिला परत करताना दुसरा न मागता हाती द्यावा. या ग्रंथांना विलंब शुल्क नसावे. देवघेवीच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “आणि कुणी वर्षभर ठेवलं तर?” मी म्हटले, तर त्याला एक पोस्टकार्ड टाका, कुठवर आलात म्हणून. त्यांनी अर्जाच्या खाली तेही लिहून घेतले.